खेळ बनवता बनवता शिकणे

(सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या आठ दिवसांच्या तंत्रज्ञान कार्यशाळेच्या समारोपात शिक्षक-पालकांसमोर केलेले भाषण)



कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी एका पालकांनी मला दारातच अडवले. म्हणाले, "सर, आमचा मुलगा रात्री अकरापर्यंत मोबाइलवर गेम खेळतो. त्याला त्यातून बाहेर काढायचे सोडून तुम्ही शाळेतही गेमच शिकवणार?" त्यांचा राग रास्त होता. मी एवढेच म्हणालो, की शेवटच्या दिवशी नक्की या. ते आज आले आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पहिले दोन दिवस आम्ही संगणक उघडलाच नाही. पुठ्ठा, पेन्सिल आणि दोन फासे घेऊन घोड्यांची शर्यत मांडली. 2 ते 12 क्रमांकाचे अकरा घोडे. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. एका मुलाने 12 क्रमांक निवडला, कारण तो सगळ्यांत मोठा! चार शर्यती झाल्या तरी त्याचा घोडा जागचा हलेना. 6, 7 आणि 8 मात्र धावत सुटले. शेवटी तो चिडून म्हणाला, "हा खेळच लबाड आहे."

मी म्हटले, सिद्ध कर. मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर तक्ता मांडला. दोन फाशांच्या एकूण 36 जोड्या. 7 ही बेरीज सहा प्रकारे येते, 12 फक्त एकाच प्रकारे. संभाव्यता हा शब्द आम्ही तोवर उच्चारलाही नव्हता, पण ती गोष्ट मुलांच्या हातात आली होती.

आता खेळ न्याय्य कसा करायचा? एक मुलगी म्हणाली, 7 ला सहा घरे द्या आणि 12 ला एकच. हिशेब बरोबर होता. सरासरीने दोघांनाही सारखेच फासे लागतात. खेळून पाहिले, तर आता 2 आणि 12 जास्त वेळा जिंकू लागले! वाट एकाच घराची असली, की एखादे नशिबाचे दान पुरते. सहा घरांच्या वाटेवर तेवढ्याने भागत नाही. मग मुलांनी सगळ्या वाटा तिप्पट केल्या. 12 ला तीन घरे, 7 ला अठरा. फरक कमी झाला, पूर्ण गेला नाही. सरासरी सारखी असली म्हणजे न्याय झाला असे नाही, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी फासे टाकून शोधले. मोठ्यांच्या सभांमध्येही हे पुष्कळदा समजावून सांगावे लागते.

एव्हाना फासे टाकून हात दुखू लागले होते. "सर, हजार वेळा खेळल्याशिवाय नीट कळणार नाही," असे एकजण म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही संगणक सुरू केले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी प्रश्न आला, मग यंत्र आले. आपल्याकडे बहुतेक वेळा यंत्र आधी येते आणि ते कपाटात बंद राहते.

आम्ही वापरले ते सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रॅच. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले आणि 2007 मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते मोफत आहे आणि एकदा संगणकावर घेतले की इंटरनेटशिवायही चालते. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. पडद्याची रुंदी 480 आणि उंची 360. शून्य बरोबर मध्यभागी, म्हणून मांजर डावीकडे न्यायचे तर ऋण संख्या वापराव्याच लागतात. उर्दू माध्यमातल्या एका मुलाने विचारले, "आम्ही उजवीकडून लिहितो, मग माझे मांजर उजवीकडून का निघू नये?" त्याने दिशा 90 ची उणे 90 केली आणि मांजर त्याच्या बाजूने चालू लागले. यंत्राला आपल्या मनासारखे वळवता येते, हे त्याला त्या क्षणी कळले.

हा विचार नवा नाही. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. संगणकाने मुलाला चालवण्याऐवजी मुलाने संगणकाला चालवावे, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोही हाताने काम करत शिकण्याच्या पायावरच. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी निवड झालेल्या शाळेला अनुदान मिळते. जी शाळा त्यात बसेल तिने जरूर अर्ज करावा. पण अनुदान येईपर्यंत पुठ्ठा आणि फासे यांना कोणी अडवलेले नाही.

आता माझी चूक सांगतो. संगणक कमी होते, म्हणून एका संगणकावर तिघे बसवले. चौथ्या दिवशी लक्षात आले, की जवळजवळ प्रत्येक गटात माऊस मुलाच्या हातात आहे आणि मुलगी वहीत नोंदी करते आहे. मी तसे सांगितले नव्हते, पण ते होऊ दिले होते. एका मुलीला विचारले तर ती सहज म्हणाली, "घरीपण मोबाइल भाईकडेच असतो." त्या दिवसापासून दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदलायचा नियम केला. माऊसवाला वही घेईल, वहीवाली माऊस घेईल. दोनच दिवसांत त्या मुलीने दुसऱ्या गटाच्या खेळातली अशी चूक शोधली, जी मलाही दिसली नव्हती. गुण शून्याच्या खाली जात होते आणि खेळ संपतच नव्हता.

पालकांनो, ती मुलगी आठवीत आहे. मोहल्ल्यातली शाळा आठवीपर्यंतच आहे. पुढची शाळा दोन बसेस बदलून जावे लागते तिथे. ती नववीत जाईल की नाही, हे आमची कार्यशाळा ठरवू शकत नाही. ते या सभागृहात बसलेली माणसे ठरवणार आहेत. कौतुकाचे प्रमाणपत्र आज मी देईन. बसचा पास तुम्ही द्यायचा आहे. चार घरच्या मुली एकत्र जाणार असतील तर वाट सोपी होते, म्हणून शेजारच्या घरीही बोला. आणि आठवड्यातून काही तास तरी घरातला मोबाइल बहिणीच्या हातात असू द्या.

शिक्षकांना एकच विनंती. मुलांचा खेळ बिघडला की लगेच दुरुस्त करून देऊ नका. "कुठपर्यंत बरोबर चालला?" एवढेच विचारा. चूक कुठे आहे ते शोधणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

आणि ज्या पालकांनी मला दारात अडवले होते, त्यांच्यासाठी. काल तुमचा मुलगा मला म्हणाला, "सर, तो मोबाइलवरचा गेम मला नेहमी जिंकता जिंकता हरवतो. म्हणजे मी परत खेळावे म्हणून हे कोणीतरी ठरवून केलेले असणार." तो आज रात्री गेम खेळणार नाही, अशी हमी मी देत नाही. पण त्या खेळामागे कोणीतरी बसले आहे आणि त्याचा काही हिशेब आहे, हे त्याने ओळखले आहे. आज घरी गेल्यावर त्याने बनवलेला खेळ त्याच्यासोबत खेळा, आणि हरलात तर नियम काय आहे ते त्याला विचारा.