घरांतील विमानतळ कसा पारखावा



नाशिकहून आग्रा रस्त्यानें निघालें, कीं सुमारें वीस किलोमीटरांवर ओझर लागतें. बाणगंगेच्या कांठच्या या गांवाजवळ १९६४ सालीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना निघाला. मिग जातीचीं लढाऊ विमानें येथें तयार झालीं, पुढें सुखोई झालीं. आणि त्याच कारखान्याच्या धांवपट्टीवरून नाशिककर मंडळी प्रवासी विमानानें परगांवीं जाऊं लागली. प्रवाशांसाठीं बांधलेली स्वतंत्र इमारत मात्र २०१४ सालची आहे.

हा झाला जमिनीवरचा विमानतळ. याचीच दुसरी प्रत कांहीं घरांतून संगणकाच्या पडद्यावर नांदत असते. फ्लाइट सिम्युलेटर नांवाचा जो खेळ आहे, त्याला खेळ म्हणावें कीं शाळा म्हणावें, हा प्रश्नच आहे. अमेरिकेंत एडविन लिंक यानें १९२९ सालीं जमिनीवर बसून उड्डाण शिकविणारें यंत्र तयार केलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत असंख्य वैमानिक त्यावर शिकले. तीच कल्पना घरगुती संगणकांत आली ती ब्रूस आर्टविक याच्या खटपटीनें. मायक्रोसॉफ्टनें त्याची आवृत्ति १९८२ सालीं विक्रीस काढली. २०२० सालच्या आवृत्तींत सुमारें ३७,००० विमानतळ असल्याचें सांगितलें गेलें. त्यांपैकीं कारागिरांनीं हातानें घडविलेले अगदीं थोडे. बाकीचे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून व नकाशांवरून यंत्रानें उभे केलेले. छप्पर दिसलें कीं त्यावर यंत्र आपल्या समजुतीची इमारत चढवितें. ओझरभोंवतालचे द्राक्षांचे मांडव त्याला नुसती हिरवी जमीन वाटल्यास नवल नाहीं.

ही उणीव भरून काढण्यासाठीं स्वतंत्र कारागीर एकेका विमानतळाची निराळी प्रत तयार करतात. हिला ‘अ‍ॅड-ऑन सीनरी’ म्हणतात. कांहीं प्रती हौशी मंडळी फुकट देतात, कांहींना चांगलीच किंमत पडते. घरांतील मुलगा वैमानिक होण्याचीं स्वप्नें पाहत असला, तर तो वडिलांकडे अशा प्रतीसाठीं हट्ट धरतो, आणि वडिलांना तींतलें बरेंवाईट कळत नाहीं. जाहिरातींतील चित्र बहुधा सूर्यास्ताचें असतें. ओल्या फरसबंदीवर दिव्यांचीं प्रतिबिंबें पडलेलीं असतात. अशा सोनेरी उन्हांत कोणतीहि इमारत देखणीच दिसावयाची. खरेदी करणारानें तें ऊन वगळून पाहावें.

प्रथम पाहावयाची ती धांवपट्टी. तिच्या टोकाला रंगविलेला आंकडा शोभेसाठीं नसतो. होकायंत्रानें दाखविलेल्या दिशेच्या अंशांतील शेवटचें शून्य गाळलें, कीं तो आंकडा मिळतो. ओझरची पट्टी पूर्वपश्चिम, म्हणून एका टोकास ०९ व दुसऱ्यास २७. लांबी सुमारें तीन किलोमीटर. हे आंकडे भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाच्या हवाई माहितीपुस्तिकेशीं ताडून पाहतां येतात. दुसरी गोष्ट उंचीची. ओझरची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० फूट उंच आहे. उंचीमापकास त्या वेळचा समुद्रसपाटीचा दाब लावला असतां, जमिनीवर उभ्या विमानांत त्याचा कांटा तेथेंच आला पाहिजे. येथें पुष्कळ प्रती फसतात. कारागीर सोयीसाठीं जमीन सपाट करून घेतो, आणि मग विमानतळ एखाद्या चौरंगावर ठेवल्यासारखा किंवा खड्ड्यांत बसल्यासारखा दिसतो. अशा प्रतीवर उतरण्याचा सराव करणाऱ्याच्या डोळ्याला जमीन कधीं जवळ येते याची चुकीची खूण बसते. इमारतीच्या कांचा कितीहि चकचकीत असल्या, तरी ही चूक त्यांनीं झांकत नाहीं.

धांवपट्टीच्या भोंवतालचा प्रदेश कितपत खरा असावा, असें कोणी विचारील. याचें उत्तर मुंबईनें दोन वेळां दिलें आहे. मुंबईच्या मोठ्या विमानतळाच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूस, जुहूचा लहान विमानतळ आहे. १५ आक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जेथें उतरले, तो हाच. याची मुख्य पट्टी ०८–२६, आणि मोठ्या विमानतळाची ०९–२७. पश्चिमेकडून येणाऱ्या वैमानिकास आधीं जुहू लागतो, आणि दिशेंत फरक जेमतेम. १९५३ सालच्या जुलईंत ब्रिटिश कंपनीचें कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूवर उतरलें. तें सुदैवानें सुखरूप थांबलें व कांहीं दिवसांनीं तेथूनच उडवून नेण्यांत आलें. २४ सप्टेंबर १९७२ रोजीं पहांटेच्या सुमारास जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाची तीच चूक झाली. एवढ्या थोरल्या विमानाला तेवढी पट्टी कशी पुरावी? तें पट्टीच्या बाहेर गेलें व कायमचें निकामी झालें. प्राणहानि मात्र झाली नाहीं.

आतां मुंबईची एखादी महागडी प्रत घ्यावी. टर्मिनलच्या छताचीं नक्षीदार पाकळ्यांसारखीं कमानें हुबेहूब, आंत दुकानेंसुद्धां. आणि जुहूच्या जागीं धुरकट छायाचित्राचा एक पट्टा! त्या प्रतीवर सराव करणारा मुलगा ही चूक कधींच करणार नाहीं, आणि म्हणूनच ती टाळावयासहि शिकणार नाहीं. प्रत पारखतांना पश्चिमेकडून, धुकें लावून, एकदां यावें. क्षणभर दोन पट्ट्यांचा संभ्रम पडला, तर कारागीर जाणता आहे असें खुशाल समजावें.

नाशिकच्या बाबतींत अशाच खुणा तपासाव्या. पश्चिमेकडून येतांना ब्रह्मगिरि व अंजनेरी, पुढें गंगापूरच्या धरणाचें पाणी, मग गोदावरी व शहर, आणि उत्तरेस सातमाळेची रांग. डोंगर आपापल्या जागीं व आपापल्या उंचीचे आहेत ना? धरण बाराहि महिने तुडुंब दिसतें, याबद्दल कारागिरास क्षमा करावी. मे महिन्यांतील गंगापूर त्यानें कोठून पाहिलेलें असणार! ओझरच्या कारखान्याची बाजू संरक्षण खात्याच्या कामाची. तेथील शेडांचे बारकावे चित्रांत नसले, तर तो दोष नव्हे. उलट तेथें फार तपशील भरलेला दिसला, तर बराचसा कल्पनेनें भरला असेल असें समजण्यास हरकत नाहीं.

दोन दोष मात्र घरीं आणल्यावरच कळतात. जुनी इमारत न काढतां नवी बसविली, कीं एकीच्या पोटांतून दुसरी डोकावते. आणि प्रत फार जड असली, तर उतरतांना, म्हणजे नेमक्या नको त्या वेळीं, चित्र अडखळूं लागतें. घरचा संगणक साधा असेल, तर हलकी प्रतच बरी.

प्रतीचें वयहि विचारावें. मुंबईचें दुसरें टर्मिनल २०१४ सालीं सुरू झालें, आणि नवी मुंबईहून प्रवासी विमानें २५ डिसेंबर २०२५ पासून उडूं लागलीं. त्यापूर्वीच्या प्रतींत तीं कोठून असणार? याच्या उलट प्रकारहि घडला आहे. शिकागोचा सरोवराकांठचा मेग्ज फील्ड विमानतळ पुष्कळ वर्षें या खेळाचें उंबरठ्याचें ठिकाण होता. मार्च २००३ च्या अखेरीस नगराध्यक्षांच्या हुकुमानें रातोरात त्याची धांवपट्टी खणून काढण्यांत आली. ज्यांनीं जुनी आवृत्ति जपून ठेवली, त्यांच्या पडद्यावरून तेथील विमानें अद्यापहि उडतात.

ओझरहून खऱ्या विमानानें जाण्याचा योग आलाच, तर मुलाला खिडकीची जागा द्यावी व हातांत कागदपेन्सिल द्यावी. विमान पट्टीच्या टोकाशीं वळतें, तेथें आंकडा कोणता रंगविला आहे. उतरणीचा मार्ग दाखविणारे दिवे पट्टीच्या कोणत्या अंगास आहेत. विमान उचललें गेल्यावर महामार्ग किती वेळानें दिसला, एवढें त्यानें टिपून आणावें. घरीं आल्यावर तो कागद पडद्याशेजारीं ठेवावा, आणि नवी प्रत मागावयाची कीं नाहीं तें त्यानें मग ठरवावें.