गाडीचा वेग मोजतो कोण?



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही संयोजकांना स्पष्टच सांगितले, की आमचे आयुष्य ड्रायव्हर-क्लीनर मंडळींत गेले. आम्ही बोलणार ते गाडीवरच. शाळेची आमची ओळख बेताचीच. जे शिकलो ते मिस्त्र्यांच्या शेजारी उकिडवे बसून आणि रात्री पुस्तके वाचून. तेव्हा बोलणे ओबडधोबड वाटले तर सांभाळून घ्यावे.

आपले सावनेर म्हणजे रस्त्यांचे गाव. नागपूरहून आलेली वाट येथे फुटते. एक बैतूलकडे जाते, दुसरी छिंदवाड्याकडे. त्यात कोळशाच्या खाणी. ट्रकांची वर्दळ रात्रीही थांबत नाही. त्या प्रत्येक ट्रकात ड्रायव्हरच्या नजरेसमोर वेगाचा एक आकडा असतो. त्या आकड्यावरून माणसाला शाबासकी मिळते, दंड होतो, कधी त्याची नोकरीही जाते. पण तो येतो कोठून, हे विचारणारे फार थोडे.

आजच्या गाडीत इंजिनाचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. किती डिझेल सोडायचे, केव्हा सोडायचे, हे तोच ठरवतो, आणि त्यासाठी त्याला वेगही ठाऊक असावा लागतो. लोकांना वाटते, हा संगणक रस्ता पाहत असेल. तो रस्ता मुळीच पाहत नाही. बैलगाडीच्या आऱ्याला चिंधी बांधली आणि ती किती वेळा वर आली हे मोजले, तर चाकाच्या घेरावरून गाडी किती चालली ते सांगता येते. संगणकाची विद्या याहून निराळी नाही. फक्त चिंधीच्या जागी लोखंडी दातेरी चकती आली, आणि डोळ्याच्या जागी चुंबक व तारेचे वेटोळे. चकतीचा दात चुंबकासमोरून गेला की वेटोळ्यात विजेचा लहानसा ठोका उठतो. गाडी अगदी हळू चालली तर हा ठोका क्षीण होतो. म्हणून पुष्कळ नव्या गाड्यांत एडविन हॉल याने 1879 साली शोधलेल्या गुणधर्मावर चालणारा मापक वापरतात. संगणकाजवळ घड्याळ असतेच. दोन ठोक्यांत किती वेळ गेला, हे तो पाहतो.

आता हिशेब करू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1000 मीटर. मोटारीच्या चाकाचा घेर 2 मीटर धरला, तर चाक मिनिटाला 500 फेरे घेणार. डिफरन्शियलचे प्रमाण 4 असेल तर गिअरपेटीतून निघालेला दांडा 2000 फेरे घेईल. चकतीला 8 दात असतील तर मिनिटाला 16000 ठोके. संगणक हीच आकडेमोड उलटीकडून करतो. ठोके तेवढे खरे मोजलेले; चाकाचा घेर आणि डिफरन्शियलचे प्रमाण ही दोन्ही कारखान्यात आधीच लिहून ठेवलेली. पुष्कळ नव्या गाड्यांत दांड्यावर मापक नसतो. ब्रेकसाठी चारही चाकांवर मापक बसवलेले असतात, तेच ठोके ब्रेकचा संगणक इंजिनाच्या संगणकाला कळवतो.

पूर्वी हे काम केबल करीत असे. ओटो शुल्झे या स्ट्रासबर्गच्या गृहस्थाने 1902 साली त्या काट्याचे पेटंट घेतले. केबलीच्या टोकाला चुंबक फिरे, आणि त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी व काटा वळत. केबल तुटली की काटा शून्यावर पडे. बिघाड निदान उघड दिसे!

आता चाक झिजले तर? मोटारीच्या नव्या टायरची नक्षी सुमारे 8 मिलिमीटर खोल असते. ती दीडेकवर आली की घेर शेकडा दोनने घटतो; संगणक 100 मोजतो तेव्हा गाडी 98 ने जात असते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक नुसतेच फिरू लागले तर गाडी जागची हलत नाही आणि काटा मात्र 40 दाखवतो. पोलिसांचे रडारचे यंत्र आणि उपग्रहावरून मोजणारे यंत्र यांना चाकाशी कर्तव्य नसते. ती रेडिओलहरींवरून वेग काढतात. म्हणून एकाच गाडीचे दोन आकडे निघू शकतात.

आता एक प्रकरण सांगतो. सरकारने 2015 साली नियम करून डंपरना ताशी 60 ची मर्यादा घालणारे वेगनियंत्रक सक्तीचे केले. आमच्या संघटनेतल्या एका डंपरचालकावर मालकाने दोन आरोप ठेवले. एक, तो फेरीला उशीर करतो. दुसरा, रस्ता 100 किलोमीटरचा असता मीटर 110 दाखवते, म्हणजे हा परस्पर कोणाचा तरी माल वाहतो. पगार कापला. माणूस शपथेवर सांगे, की गाडी 60 वर नेली, कोठे वळवली नाही. मालक म्हणे, यंत्र खोटे बोलते काय?

आम्ही त्याच्या शेजारी घड्याळ घेऊन बसलो. काटा 60 वर स्थिर ठेवायला सांगितला आणि किलोमीटरचे दगड मोजू लागलो. दहा दगडांना 10 मिनिटे लागायला हवीत, लागली 11. परतताना पुन्हा 11. मग गॅरेजात चौकशी केली. डिफरन्शियल दुरुस्तीला गेले होते तेव्हा दुसऱ्या प्रमाणाचा क्राऊन-पिनियन बसवला होता, 4 च्या जागी 4.4 चा. दांडा आता प्रत्येक किलोमीटरला शेकडा दहा फेरे जास्त घेत होता, आणि संगणक बापडा जुन्याच प्रमाणाने भागत होता. त्यामुळे खऱ्या साडेचोपन्नलाच त्याला 60 वाटत आणि तो डिझेल आखडून धरी. उशीर होणार नाही तर काय? आणि तेच ठोके मोजून किलोमीटरही धरले जात असल्याने 100 चे 110 झाले. दोन्ही आरोप एकाच दातेरी चाकातून निघाले होते. मापक रस्त्याच्या चाकावर असता तर हा घोळ झालाच नसता.

मालक भला म्हणायचा. दगडांचा हिशेब कागदावर पाहिला आणि कापलेला पगार परत दिला. संगणकात 4.4 हे प्रमाण भरायला मिस्त्र्याला एक दुपार लागली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक मालकाकडे एक मागणी मांडतो. टायरचे माप किंवा डिफरन्शियल बदलले, की रजिस्टरात तशी नोंद व्हावी, आणि ड्रायव्हरला सोबत घेऊन दहा दगडांवर मीटर तपासावे. काहींनी ती मान्य केली आहे. उरलेल्यांशी बोलणी चालू आहेत.