पोच येऊ द्या



मित्रमैत्रिणींनो, मला 'धावपळीत सावकाश जगणं' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी काहीतरी पूर्ण करून दाखवावं लागतं. त्यामुळे या विषयाचा मी जाणकार नाही. पण माझं गाव श्रीवर्धन आहे, आणि तिथे घरची सुपारीची वाडी आहे. सांगण्यासारखं जे आहे, ते तिथलं आहे.

सुरुवात मात्र माझ्या धंद्यातल्या एका गोष्टीने करतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातली संगणकांची वाट तुंबली. अंतर फक्त ४०० यार्ड, पण सेकंदाला ३२ हजार बिट जायचे ते ४० बिटांवर आले. तिकडून उत्तर आलं नाही की संगणक तीच माहिती पुन्हा पाठवायचा, त्याने गर्दी वाढायची, आणि उत्तर आणखी उशिरा यायचं. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला. त्यातल्या एका भागाचं नावच 'स्लो स्टार्ट' आहे. आधी थोडं पाठवा, पोच येऊ द्या, मग वाढवा. पोच येत नसेल तर हात आखडता घ्या. इंटरनेट आजही बरंचसं याच रीतीवर चालतं. म्हणजे ज्या यंत्रामुळे आपण इतके घाईत आहोत, त्या यंत्राला थांबायला शिकवावं लागलं होतं.

मराठीत 'पोच' शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, मिळाल्याची खूण. दुसरा, समज. गावाकडे मला हे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या वाडीतली बहुतेक झाडं आडवी झाली होती. पंधरवड्यात जमीन विकत घेणारा माणूस दारात हजर. भाव बरा होता. भावंडं मुंबई, पुणे आणि दुबईत. ग्रुपवर सगळ्यांना रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. वाडी सांभाळणारे माझे चाचा तेव्हा साठीच्या पुढे होते. ते एवढंच म्हणाले, "एक पावसाळा जाऊ दे. जमीन काय म्हणते ते बघू."

त्या पावसाळ्यात त्यांनी पडलेली झाडं कापून बाजूला केली, पाण्याचे पाट मोकळे केले आणि केळी लावली. सुपारी लगेच लावली नाही. सुपारीच्या रोपाला दुपारचं कडक ऊन सोसत नाही आणि सावली देणारी झाडं तर वादळाने नेली होती. म्हणून आधी केळीची सावली, मग सुपारी. पुढच्या पावसाळ्यात रोपं लागली. सुपारीला पहिलं फळ यायला पाच ते सात वर्षं लागतात. पिकलेली सुपारी उतरवली तरी ती चाळीसेक दिवस उन्हात वाळते, तेव्हा कुठे सोलता येते. यातली एकही पायरी पैसे देऊन लवकर उरकता येत नाही.

वाडी विकली नाही. गेल्या खेपेला पाहिलं तर रोपं माझ्या डोक्यावर गेली होती. वाडी टिकेल की नाही, हे अजून नक्की नाही. चाचांनंतर तिथे राहायला कोण जाणार, याचं उत्तर आम्हा भावंडांपैकी कुणाकडेच नाही. पण तो प्रश्न आज आमच्यासमोर आहे, कारण एका माणसाने रविवारचा हट्ट मान्य केला नाही.

दुसरा प्रसंग याच खेपेचा. मगरिबनंतर मोहल्ल्यातली पोरं नाक्यावर उभी होती. फोनवर मेसेज आला की शेजारच्या गावात आपल्या माणसांवर दगडफेक झाली, निघा. दोन बाइक चालूही झाल्या. तिथे बसलेल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "पाहिलं कुणी?" कुणीच पाहिलं नव्हतं. मास्तरांनी त्या गावातल्या ओळखीच्या कोळी कुटुंबात फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. पोरं चुळबुळत होती, मास्तर फोन कानाला लावून बसले होते. दहा-बारा मिनिटांनी उत्तर आलं. गाडी लावण्यावरून दोन टेम्पोवाल्यांची बाचाबाची झाली होती, आणि दोघे एव्हाना आपापल्या घरी गेले होते.

ती दहा मिनिटं कुठे मोजली जाणार नाहीत. पण त्या बाइक निघाल्या असत्या तर काय झालं असतं, हे आपल्याला सांगायला नको. मुसलमान तरुणाला तर एका घाईची किंमत अनेक वर्षं कोर्टाच्या तारखांनी मोजावी लागू शकते. आणि मास्तरांना फोन लावायला तिकडे कुणीतरी होतं, हे विसरू नका. ती ओळख एका संध्याकाळी झालेली नव्हती. वर्षानुवर्षांच्या लग्नांची, मयतींची, मासळीच्या उधारीची ती ओळख होती.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर गावाचं नुसतं कौतुक होईल. सगळा सावकाशपणा चांगला नसतो. वादळानंतर वीज यायला आठवडे लागले, तो शहाणपणा नव्हता. ॲम्ब्युलन्सने सावकाश यावं असं कुणी म्हणणार नाही. माणूस स्वतः थांबतो ते वेगळं, आणि त्याला ताटकळत ठेवलं जातं ते वेगळं. दुसऱ्या प्रकाराविरुद्ध आपण आवाज उठवलाच पाहिजे.

आणि घरातलं. आम्ही सुट्टीला गेलो की ओट्यावर बसून म्हणतो, किती निवांत आहे! त्याच वेळी चाचींचा दिवस दुप्पट वेगाने धावत असतो. दहा माणसांच्या तांदळाच्या भाकऱ्या, मासे साफ करणं, पाणी भरणं. आपली विश्रांती कुणाच्या तरी कंबरेवर उभी असेल, तर तिला सावकाश जगणं म्हणता येत नाही. आता आम्ही भाऊ मासे साफ करतो, भांडी घासतो. चाची दुपारी तासभर आडव्या होतात.

तुमच्यापैकी अनेकांचं गाव मालेगावकडे असेल, बीडकडे असेल, कोकणात असेल. गावी परत जा, असं मी सांगणार नाही. मी स्वतः पुण्यातच राहणार आहे. एवढंच मागतो, की कुठलाही मेसेज पुढे पाठवण्याआधी, घरातला मोठा निर्णय घेण्याआधी, समोरच्याचं म्हणणं खोडण्याआधी पोच येऊ द्या. आणि तुमच्या मोहल्ल्याबाहेर, वेगळ्या समाजाचा असा एक तरी माणूस जोडून ठेवा, ज्याला रात्री फोन लावता येईल. त्याला वेळ लागतो. म्हणून आजच सुरुवात करा.