पोर्तुगालची वाइन, गोव्याचं खनिज



डेव्हिड रिकार्डोने 1817 साली एक उदाहरण मांडलं. पोर्तुगालने वाइन करावी, इंग्लंडने कापड विणावं आणि दोघांनी देवाणघेवाण करावी. पोर्तुगालला दोन्ही वस्तू कमी मजुरांत जमत असल्या, तरी फायदा दोघांचाही होतो. व्यापाराचं शास्त्र आजही इथूनच शिकवलं जातं, आणि ते योग्यच आहे. फक्त त्या उदाहरणातली द्राक्षवेल पुढच्या वर्षी पुन्हा फळते.

त्याच पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्यातून दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिज जपानला जाऊ लागलं. पुढे चीनची मागणी आली आणि हलक्या प्रतीच्या मालालाही भाव चढला. डिचोली, सत्तरी, सांग्याच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागल्या, मांडवी-जुवारीतून बार्ज मुरगावकडे धावू लागले. एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती उपसावी लागते. तिचे डोंगर शेजारीच रचले जातात आणि पावसात ती भातशेतांत उतरते. शिरगावात तर खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या. खड्ड्यांतलं पाणी पंपांनी उपसलं गेलं, आणि गावच्या विहिरी आटल्या.

निर्यातीच्या आकड्यांत यातलं काहीच दिसत नाही. उलट जेवढं खनिज बाहेर जाईल, तेवढं राज्याचं उत्पन्न वाढलेलं दिसतं. माझा आक्षेप या हिशेबाला आहे. वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या पैशाला कोणता शेतकरी वर्षाची कमाई म्हणेल? अर्थतज्ज्ञ जॉन हार्टविक यांनी 1977 मध्ये हेच गणिताने दाखवलं: संपणाऱ्या खनिजातून खर्च वजा जाता जे उरतं, ते सगळं टिकाऊ भांडवलात गुंतवलं, तर पुढच्या पिढ्यांचं राहणीमान घसरत नाही. नॉर्वेने 1990 मध्ये कायदा करून तेलाच्या पैशाचा निधी उभारला. तिथलं सरकार आज त्यातून वर्षाला सरासरी तीन टक्क्यांच्या आसपासच खर्च करायचं बंधन पाळतं.

गोव्यात 2012 साली बेकायदा खाणींवरून खाणकाम बंद पडलं. 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतले दहा टक्के एका कायम निधीत टाकायला सांगितलं. त्यात पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या देशात हे मोठं पाऊल होतं, यात मला शंका नाही. पण दहाच टक्के का? खनिज तर शंभर टक्के जातं.

डिसेंबर 2022 पासून डिचोली, शिरगाव या भागांतल्या खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. बोलीप्रमाणे सरकारला मिळणारा हिस्सा आता बराच मोठा आहे. तो चालू खर्चात न मिसळता जसाच्या तसा या निधीत जावा आणि निधीचा ताळेबंद दरवर्षी खाणपट्ट्यातल्या ग्रामसभांपुढे वाचून दाखवावा, ही मागणी आपण आत्ताच लावून धरायला हवी. नव्या पट्ट्यांतलं खनिज अजून जमिनीत आहे तोवरच.