एकराने विकायचे की फुटाने?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. सावंगी, पिसादेवी, झाल्टा, गांधेली या बाजूने जे आले आहेत, त्यांनी येताना रो-हाऊसच्या वसाहतींचे फलक पाहिलेच असतील. त्यावर एक ओळ ठळक असते, 'मंजूर ले-आऊट'. घर घेणारा ती विश्वासासाठी वाचतो. आपण ती वेगळ्या कारणाने वाचायची. मंजुरीच्या आधी ती जमीन कोणाची होती आणि मंजुरी आली तेव्हा कोणाची झालेली होती, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

कागद-पेन्सिल काढा. एकराचे गुंठे 40. गुंठ्याचे चौरस फूट 1,089. म्हणजे एकराचे 43,560 फूट झाले. त्यातून रस्ते वजा करा. क्षेत्र 0.4 हेक्टर किंवा त्याहून जास्त असेल तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, तीही वजा करा. ढोबळमानाने साठ टक्के उरले असे धरू, म्हणजे 26 हजार फूट. हजार हजार फुटांचे प्लॉट पाडले तर 26 रो-हाऊस. भाव मी सांगत नाही, तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. आपल्या गावात एकराला काय दर चालला आहे तो डाव्या बाजूला लिहा. त्याच गावात मंजूर प्लॉटचा फुटाचा दर 26 हजाराने गुणा आणि उजव्या बाजूला लिहा. रस्ता, नाली, विजेचे खांब यांचा खर्च कापा, तो खरोखरीचा खर्च आहे. बिल्डरचे व्याज कापा, त्याची जोखीमही कापा. आपण कोणाच्या कष्टाचे पैसे नाकारत नाही. तरीही जी तफावत उरते ती कशाची?

ती मातीची नाही. मी शेतकी शिकलेला माणूस, मातीचे मला विचारा. खोल काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर बांधायचे तर पायाला जास्त खर्च. बिल्डरला आवडतो तो मुरमाड माळ, जिथे बाजरीसुद्धा पोटापुरती येत नव्हती. कसाचा भाव शेतात असतो, वसाहतीत नसतो. म्हणजे तफावत मातीची नाही, घामाची नाही. ती सहीची आहे. एका कार्यालयातून एक कागद निघतो आणि तेच रान एकरावरून फुटावर येते.

हा कागद शेतकऱ्याच्या हाती का पडत नाही? त्याला आळस हे कारण नाही. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे. शेतजमीन आहे तोवर ती बिगरशेतकऱ्याला सहजासहजी विकता येत नाही. शहरातला मास्तर किंवा कारखान्यातला कामगार आपल्याकडून थेट घेऊ शकत नाही. गिऱ्हाईक आधीच कमी केले. वर 1947 चा तुकडेबंदी कायदा, म्हणजे गरजेपुरते दोन गुंठे विकायचीही सोय नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, सोसायटीचे कर्ज यांना नव्वद दिवस थांबता येत नाही. महसूल संहितेच्या कलम 44 प्रमाणे बिनशेतीच्या अर्जाचा निकाल नव्वद दिवसांत लागायला हवा होता, न लागला तर परवानगी मिळाली असे धरले जायचे. कलम वाचायला फार गोड होते.

मग लोकांनी वाट काढली. शंभराच्या बाँडवर नोटरी करून गुंठे विकले. या शहरात शंभराहून अधिक गुंठेवारी वसाहती अशाच उभ्या राहिल्या. सातबारावर नाव शेतकऱ्याचे, घर कामगाराचे, आणि दोघेही बेकायदा. आपल्यातही एकच प्लॉट दोघांना विकणारे निघाले, हे झाकून ठेवायचे कारण नाही. पण सरकारने काय केले? 2001 साली गुंठेवारी कायदा करून जुनी घरे नियमित केली, 2021 साली मुदत वाढवून 2020 अखेरपर्यंतची घरे आत घेतली, 2025 साली तुकडेबंदीतून नागरी भागातल्या जुन्या व्यवहारांना सूट दिली. जे शेवटी कायदेशीरच करायचे होते, ते शेतकऱ्याने विकले त्या दिवशी गुन्हा का होता?

आता आराखड्याकडे या. 2008 साली शहराभोवतीच्या 28 गावांना 'झालर क्षेत्र' म्हणून सिडकोच्या हाती दिले. सातारा आणि देवळाई पुढे महापालिकेत गेली. त्यानंतर महानगर प्राधिकरण आले. आपल्या गटाला परवानगी कोण देणार, या प्रश्नावरच माणसाची वर्षे गेली. महापालिकेचा नवा प्रारूप आराखडा 2024 साली आला तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. एप्रिल 2020 पासून प्रशासकच कारभार पाहत होते. कोणाच्या रानावर पिवळा रंग, कोणाच्या रानावर हिरवा, कुठे शाळेचे आरक्षण, हे ज्याला जाब विचारायचा तो माणूसच जागेवर नव्हता. हिरवा रंग पडला म्हणजे त्या शेतकऱ्याने शहराला हवा पुरवायची, फुकट.

प्रारूप आराखडा लागला की हरकतीला मुदत तीस दिवसांची. ज्याला नकाशा आधी कळतो तो त्या तीस दिवसांत जमिनी घेतो, आपण तीस दिवसांनंतर चावडीवर बातमी ऐकतो. आरक्षण पडले म्हणूनही हातपाय गाळू नका. अंतिम आराखड्याला दहा वर्षे होऊनही जमीन घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे खरेदी-सूचना देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते.

दुसरी वाटही आहे. पुण्याजवळ हडपसरला मगर मंडळींनी ती दाखवली. सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि 2000 च्या सुमारास मगरपट्टा सिटी बांधायला घेतली. पुढारी सतीश मगर, तेही शेतकीचे पदवीधर. लोक म्हणतील ते पुणे आहे, मोठे बागाईतदार आहेत. खरे आहे. झाल्ट्यात चारशे एकर एकत्र येणार नाहीत. पण शेजारशेजारचे चार भाऊबंद, दहा एकर, आणि बांधावरचे भांडण वर्षभर बाजूला ठेवायची तयारी, एवढ्यावर ले-आऊट होतो. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला, रहिवासी विभागात असेल तर, कलम 42 ड प्रमाणे रूपांतर कर भरून बिनशेतीची सनद मिळायची. वेगळा अर्ज घेऊन वर्षभर हिंडायला नको असे. तहसीलला जाऊन आपला गट बसतो का एवढे तरी विचारा.

बिल्डरबरोबर विकसन करार करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. मुखत्यारपत्र सरसकट देऊ नये. आणि विक्रीत किंवा घरांत वाटा घेतलात तर रेरा तुम्हाला सहप्रवर्तक धरते, म्हणजे घरे रखडली की गिऱ्हाईक तुमच्याही दारात येईल. मायबहिणींनो, सौदा ठरला की माहेरून निरोप येतो, सही करायला ये. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली देशाने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क दिला. हक्कसोडपत्रावर सही करायची तर खुशाल करा, पण एकराचा आकडा आणि फुटाचा आकडा दोन्ही पाहून करा.

राहिले पाणी. जायकवाडीला 1965 साली पायाभरणी झाली, पैठणच्या शेतकऱ्यांची गावे पाण्यात गेली, आणि शहराला आजवर पाणी काही दिवसांआड मिळत आले. 1,680 कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर 2020 ला झाले, खर्च 2,700 कोटींच्या वर गेला. अशा शहराच्या कडेला रो-हाऊस मंजूर होतात तेव्हा पाणी शेजारच्या विहिरीतून येते. खाली काळा पाषाण, त्यात पाणी भेगांपुरतेच. वसाहतीने दहा बोअर मारले की शेजाऱ्याची मोसंबी पहिल्या उन्हाळ्यात वाळते. म्हणून आपल्या शिवारात ले-आऊट मागितला जाईल तेव्हा ग्रामसभेने एक ठराव लेखी पाठवावा की पाणी कुठून आणणार ते आधी सांगा. आपण स्वतः ले-आऊट टाकला तरी हाच ठराव.

जेवणानंतर मागच्या भिंतीवर आराखड्याचा नकाशा लावतो. सातबारा आणले असतील त्यांनी गट नंबर घेऊन तिथे थांबावे, एकेकाचा रंग पाहून घेऊ.