राजीनाम्यावर सही करण्याआधी



समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात पावणेचार वर्षं नोकरी झालेला एक फिटर आहे. मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, डायलिसिस सुरू झालं आहे आणि रात्रपाळी मुळीच झेपत नाही. सुपरवायझर मनाने चांगला आहे. तो म्हणतो, "तुझ्याच्याने आता होणार नाही. राजीनामा दे, हिशेब लवकर करून देतो." कार्यालयातून टाइप केलेला कागद येतो. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ ही ओळ आधीच असते. फिटर सही करून घरी जातो.

त्याला कोणी फसवलेलं नाही. तरीही त्या ओळीमुळे त्याची ग्रॅच्युइटी अडू शकते, पीएफवर कर बसू शकतो आणि अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज करायची वेळ आली तर आजार नोकरीत असतानाचा होता हे सिद्ध करत त्याला फिरावं लागतं. आजारी माणसाने नोकरी सोडायची की नाही, हा त्याचा, घरच्यांचा आणि डॉक्टरांचा प्रश्न आहे. पण सोडायची झाली तर आजाराची नोंद आधी कागदावर यायला हवी. राजीनाम्याची वेळ त्यानंतरची.

ग्रॅच्युइटीपासून सुरुवात करू. पाच वर्षं भरल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही, हे वाक्य प्रत्येक कामगाराने ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली झाला, तेव्हापासूनच त्यात अपवाद आहे: मृत्यूमुळे किंवा अपघाताने वा आजाराने आलेल्या असमर्थतेमुळे नोकरी संपली, तर पाच वर्षांची अट लागत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा अपवाद तसाच ठेवलेला आहे. आणि असमर्थता म्हणजे माणूस अंथरुणाला खिळलेलाच हवा, असं नाही. आजारापूर्वी तो जे काम करू शकत होता, ते काम आता करू शकत नाही, एवढं पुरेसं आहे. लेथवर उभं राहणं अशक्य झालेला फिटर घरी बसून शिकवण्या घेऊ शकत असला, तरी फिटर म्हणून तो असमर्थच ठरतो.

हिशेबही सोपा आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज घ्यायची, तिला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी पुन्हा गुणायचं. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. आपल्या फिटरची ही बेरीज १८ हजार असेल, तर त्याची पावणेचार वर्षं चार धरली जातील आणि रक्कम होईल सुमारे साडेएकेचाळीस हजार. डायलिसिस चालू असलेल्या घराला हे पैसे किती महत्त्वाचे असतात, हे वेगळं सांगायला नको. राजीनाम्यावर फक्त ‘वैयक्तिक कारण’ असेल, तर मालकाला सहज म्हणता येतं की पाच वर्षं झालेली नाहीत.

मात्र ग्रॅच्युइटी शेवटी येते. त्याआधी ज्या गोष्टीकडे बघायचं ती म्हणजे कामगार राज्य विमा, कामगारांच्या बोलण्यातला ‘ईएसआय’. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या, दिव्यांग असल्यास २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून यासाठी पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. कंत्राटी कामगारही यात येतो. बहुतेकांना वाटतं की या कपातीच्या बदल्यात दवाखाना आणि औषधं मिळतात. आजारपणात पगाराच्या ठिकाणी रोख रक्कमही मिळते, हे फार थोड्यांना माहीत असतं आणि ज्यांना माहीत असतं त्यांतलेही बरेचजण ती मागत नाहीत.

हा आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के असतो आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर या काळातल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये हक्क मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. रोज ६०० रुपये सरासरी पडत असतील, तर दिवसाला ४२० रुपये होतात आणि ९१ दिवसांचे ३८ हजारांच्या वर जातात.

आजार लांबला तर? क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, अर्धांगवायू, जुनाट मूत्रपिंडविकार, पार्किन्सन, काही गंभीर मानसिक आजार अशा ३४ आजारांसाठी वाढीव लाभ आहे. तो पगाराच्या ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अट अशी की विम्याखालची नोकरी सलग दोन वर्षांची असावी आणि आजाराआधीच्या चार वर्गणी काळांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. आपला फिटर या अटींत बसतो, त्याचा आजारही यादीत आहे. म्हणजे ज्या दिवशी त्याने घाईने सही केली, त्या दिवशी त्याच्यापुढे नोकरीवर राहून उपचार घेण्याचा एक मोठा, कायदेशीर काळ शिल्लक होता. तो त्याला कोणी दाखवला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. यासाठी दाखला मात्र विमा दवाखान्याच्या किंवा विमा रुग्णालयाच्या डॉक्टरांचा लागतो. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले, तरी त्यांचे कागद घेऊन विमा डॉक्टरांकडे जावं आणि प्रत्येक दाखल्याची प्रत स्वतःपाशी ठेवावी.

आजार कामातूनच आला असेल, तर वाट वेगळी आहे. दगडाच्या खाणीत किंवा क्रशरवर काम करणाऱ्याच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ बसते. सूतगिरणीत कापसाच्या धुळीने छाती भरून येणारा कामगार तर मुंबईच्या गिरणगावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. सिलिकोसिस आणि बिसिनोसिस हे कायद्याच्या अनुसूचीतले व्यवसायजन्य रोग आहेत आणि कामावरच्या दुखापतीसारखेच मानले जातात. विमा असलेल्या कामगाराला तात्पुरत्या असमर्थतेत पगाराच्या ९० टक्के, आणि कायमच्या असमर्थतेत वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते ठरवेल त्या प्रमाणात मासिक रक्कम मिळते. जिथे विमा लागू नाही, तिथे मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते. क्षयरोग समजून वर्षानुवर्षं औषधं घेत राहिलेल्या खाण कामगाराने एकदा तरी डॉक्टरांना विचारावं की हा सिलिकोसिस तर नाही ना. डॉक्टरांनी आपण काय काम करतो हे विचारलं नसेल, तर स्वतःहून सांगावं.

आता पीएफ. नोकरी चालू असतानाही आजारपणासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते, त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. साध्या राजीनाम्यानंतर पूर्ण रक्कम हाती यायला थांबावं लागतं, पण शारीरिक किंवा मानसिक व्याधीमुळे कायमची आणि पूर्ण असमर्थता आली असेल तर ही प्रतीक्षा नसते. नोकरी पाच वर्षांहून कमी असताना काढलेल्या पीएफवर एरवी कर लागतो आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल तर १० टक्के आधीच कापून घेतले जातात. पण प्रकृती बिघडल्यामुळे नोकरी संपली असेल, तर प्राप्तिकराच्या नियमांनी ही रक्कम करमुक्त धरली आहे. पुन्हा तेच: कारण कागदावर हवं. कंपनी पीएफच्या संकेतस्थळावर नोकरी संपल्याची तारीख टाकते, तेव्हा कारणाचाही रकाना भरते. त्या रकान्यात ‘कायमची असमर्थता’ हा पर्याय असतो, तरी सवयीने साधी सेवासमाप्ती निवडली जाते. राजीनामा देणाऱ्याने हा रकाना काय भरणार, हे आधीच विचारून घ्यावं.

पीएफशी जोडलेली १९९५ ची पेन्शन योजनाही अनेकांच्या नजरेतून सुटते. नेहमीच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. पण नोकरीत असताना कायमची आणि पूर्ण असमर्थता आली, तर एका महिन्याची वर्गणीसुद्धा अपंगत्व पेन्शनला पुरते. वैद्यकीय मंडळासमोर तपासणी होते आणि किमान पेन्शन महिना १००० रुपये असते. रक्कम लहान आहे, हे मान्यच करायला हवं. पण ती आयुष्यभर मिळते. इथे महत्त्वाचे शब्द ‘नोकरीत असताना’ हे आहेत. आधी राजीनामा आणि मग तपासण्या असा क्रम झाला, तर दावा लंगडा पडतो.

सरकारी नोकराचं गणित आणखी कडक आहे. महाराष्ट्र नागरी सेवेच्या निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते. २०१९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. राजीनामा म्हणजे स्वेच्छानिवृत्ती नव्हे, आणि नंतर तसं नाव देऊन पेन्शन मागता येत नाही. त्यामुळे गंभीर आजार झालेल्या शिक्षकाने, लिपिकाने, पोलिसाने राजीनामा हा शब्द कागदावर लिहूच नये. वैद्यकीय मंडळाने कायमचा अपात्र ठरवल्यास रुग्णता निवृत्तिवेतन आहे. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती आहे. २००५ नंतर लागलेल्या, नव्या पेन्शन योजनेतल्या राज्य कर्मचाऱ्यांनाही ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने रुग्णता निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला झाला.

आणि त्याही आधीचा हक्क म्हणजे नोकरीत राहण्याचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, त्याची पायरीही उतरवू शकत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्याला ठेवावं लागतं. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यातही हेच संरक्षण होतं. पाय कापावा लागलेल्या एका जवानाला रुग्णता पेन्शन देऊन घरी पाठवलं होतं, तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन दिली म्हणून हे संरक्षण हिरावता येत नाही. एसटी, महापालिका, सरकारी वीज कंपन्या अशा सरकारी मालकीच्या संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत पार्किन्सन, सिकलसेल आणि मानसिक आजारही येतात.

खासगी कंपनीवर अशी सक्ती नाही. तिथे हलकं काम मागावं, लेखी मागावं, आणि नकार आला तर तोही लेखी घ्यावा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात दीर्घ आजारपणामुळे कामावरून कमी करणं ही कपात मानली जात नव्हती, त्यामुळे कपातीची भरपाई मिळत नसे. बाकीचे हक्कही नीट सांभाळायचे. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा असेल तर तो नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन तो पुढे नेता येईल का, हे शेवटच्या दिवसाच्या आधी विचारावं. नंतर नवीन पॉलिसी काढायला गेलं तर जुन्या आजाराचा प्रश्न उभा राहतो.

मग राजीनाम्यात लिहायचं तरी काय? आजाराचं नाव, तो केव्हा कळला, डॉक्टरांनी काय सांगितलं, आपलं नेमकं कोणतं काम आता होत नाही, आणि ‘या आजारामुळे नोकरी सोडावी लागत आहे’ हे वाक्य. सोबत डॉक्टरी दाखला जोडावा. एका प्रतीवर कार्यालयाची पोच घ्यावी, ती मिळत नसेल तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं. मानसिक आजाराच्या बाबतीत हे लिहिताना हात अडखळतो. लोक काय म्हणतील याची भीती खरी असते आणि तिला कमी लेखू नये. पण पीएफच्या नियमात मानसिक व्याधीचा स्पष्ट उल्लेख आहे, विम्याच्या यादीतही असे आजार आहेत. तो लपवल्याने ज्या कुटुंबाला पैशाची सर्वांत जास्त गरज असते, त्याचाच हक्क बुडतो.

ज्यांना पीएफ नाही, विमा नाही, अशा घरकामगार, हमाल, बांधकाम मजूर यांच्यासाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. कर्करोग, क्षयरोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना त्यातून महिना १५०० रुपये मिळतात. सर्वसाधारण अर्जदारासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे. ही मर्यादा फार कमी आहे, ती वाढायलाच हवी. उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

आता हक्काचे पैसे मिळवण्याविषयी. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याजही द्यावं लागतं. मालक दाद देत नसेल तर तक्रार कामगार आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयात करावी. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी विधी सेवा प्राधिकरण असतं आणि औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक व दिव्यांग यांना उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक आहे १५१००. जाताना नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, विम्याचा क्रमांक, पीएफचा खाते क्रमांक आणि आजाराचे सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत. रुग्णाला जाणं शक्य नसेल, तर घरातल्या कोणी ते घेऊन गेलं तरी चालतं.