थकलेला बैल आणि डाळिंबाची साल



म्हातारा बैल दोन-चार फेऱ्यांतच धापा टाकू लागतो. आपण म्हणतो, वय झालं त्याचं. पण वय झालं म्हणजे शरीरात काय झालं?

स्नायूंच्या पेशींत शक्ती निर्माण करणाऱ्या अतिसूक्ष्म तंतुकणिका असतात. त्या म्हणजे जणू पेशीच्या चुलीच. तरुणपणी शरीर जुन्या, बिघडलेल्या चुली मोडून नव्या घालीत असते. उतारवयात हे काम मंदावते. मोडक्या चुली साचत जातात आणि दमणूक लवकर येते.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शास्त्रज्ञांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. म्हाताऱ्या उंदरांना 'युरोलिथिन-ए' नावाचे द्रव्य दिले, तेव्हा त्यांची पळण्याची ताकद त्याच वयाच्या इतर उंदरांपेक्षा 42 टक्क्यांनी अधिक भरली. हे द्रव्य बिघडलेल्या तंतुकणिका निकालात काढण्याच्या कामाला चालना देते.

गंमत अशी, की याचे मूळ डाळिंबात आहे, पण हे द्रव्य डाळिंबात नाही! डाळिंबाच्या तुरट रसापासून आतड्यातले जंतू ते तयार करतात. दूध घरात आहे, पण विरजणच नसेल, तर दही लागणार कसे? तसेच हे. योग्य जंतू सगळ्यांच्याच पोटात नसतात.

65 ते 90 वर्षांच्या माणसांवरील चाचणीचा निष्कर्ष 2022 साली आला. हातापायांचे स्नायू अधिक वेळ दम धरू लागले; मात्र सहा मिनिटांत चाललेले अंतर, औषध न घेतलेल्यांच्या मानाने, विशेष वाढले नाही.

म्हणून सोलापूर-नाशिककडच्या बागाईतदारांना सांगणे, की हे ऐकून बैलापुढे सालींची पाटी रिकामी करू नका. उंदरांना मोजून शुद्ध द्रव्य दिले होते. सालीतला तुरटपणा अती झाला, तर चाऱ्यातली प्रथिने बांधली जातात आणि बैलाच्या अंगी लागत नाहीत.

आधी बैलाचे तोंड उघडून पाहा. दात झिजले असतील तर कडबा बारीक कुट्टी करून घाला. पोटात जंत आहेत का, खूर दुखतो का, हे पशुवैद्यांकडून तपासून घ्या. जोडीला तरुण बैल असेल तर म्हाताऱ्याला त्याच्या चालीने ओढायला लावू नका.

गुरुजनहो, मुलांना डाळिंब दाखवून ही विरजणाची गोष्ट जरूर सांगा. आणि जन्मभर आपल्यासाठी राबलेल्या जनावराला विसावा देणे, हेही त्याच पाठात शिकवा.